ट्रेसिंगवाल्या काकू

"हलू नको."

लिफ्टमध्ये एखाद्या अनोळखी बाईने तुम्हाला असं सांगितलं तर तुम्ही काय कराल? मी हलले नाही. मला वाटलं, खांद्यावर पाल असणार. तळमजल्यापासून मी श्वास रोखून उभी, आणि त्या बाई मान तिरकी करून, एक डोळा मिटून माझ्या डाव्या कानाकडे पाहत होत्या. त्यांचं बोट हवेत कानाच्या कडेकडेने फिरत होतं. दुसरा मजला आला. मला उतरायचं होतं, पण उतरले नाही. चौथ्यावर दार उघडलं तशा त्या बाहेर पडल्या आणि वळून म्हणाल्या, "कान फार अवघड राहते, बापा." एवढं बोलून घरात गेल्यासुद्धा.

मी दोन मजले खाली आले आणि आरशात कान पाहिला. नेहमीचाच होता.

धायरीतल्या या सोसायटीत राहायला येऊन तेव्हा आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. मी घरूनच काम करते. लोकांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. त्या चुका लिहून पाठवायच्या असतात, कुणाला तोंडावर सांगाव्या लागत नाहीत, म्हणून ते मला जमतं. शेजाऱ्यांशी बोलायला लागू नये म्हणून मी एरवी जिन्याने ये-जा करायचे. त्या दिवशी हातात तांदळाची पिशवी होती म्हणून लिफ्ट घेतली आणि सापडले.

पुढच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात त्याच बाई. काखेत कागदांची लांबलचक गुंडाळी, मनगटाला रुमाल बांधलेला.

"तू कॉम्प्युटरमधली ना? चल वर. माझं कॉलेज बंद पडून राहिलं."

मी वाचव म्हणून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "अगं, चौथ्या मजल्यावरच्या काकू आहेत. जा की." आईला दोन महिन्यांत सगळी सोसायटी पाठ झाली होती.

काकूंचं कॉलेज डायनिंग टेबलावर होतं. एका मुक्त विद्यापीठाचा चित्रकलेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. पुस्तकं पोस्टाने घरी आलेली, चित्रं काढून स्कॅन करून पोर्टलवर चढवायची, दर रविवारी एक सर पडद्यावर येऊन तास घेणार. बंद पडलं होतं ते पोर्टल. काकूंनी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवली होती, आणि तो डबा काकांनी दळायला दिला होता.

काका म्हणजे काकूंचे यजमान. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बारीक अंगाचे, आणि त्या अंगाला न शोभणाऱ्या भरघोस पांढऱ्या मिशा. मी आत आले तेव्हा ते पेपरमागून म्हणाले, "आपला नवीन प्रवेश, की बदली?"

मी म्हटलं, "पासवर्ड."

"बसा," काका म्हणाले. "भाकरीतून निघाला तर सांगतो."

पासवर्ड मी बदलून दिला. मग फाइल मोठी होते म्हणून चढत नव्हती, ती लहान करून दिली. मग काय, दर शनिवारी सकाळी दहाला मी वर. पोर्टल इंग्रजी होतं आणि काकूंना ते वाचायचा कंटाळा. पुस्तक मराठी होतं, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला 'यथार्थदर्शन' म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, हे कळायला काकूंना विचारावं लागे. आम्ही दोघी मिळून एक पुरी विद्यार्थिनी होत होतो.

काकू मूळच्या अमरावतीच्या. लग्नानंतर पुण्यात आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. बोलणं पुण्याचं झालेलं, पण हातात पेन्सिल आली की जुनं बोलणं परत यायचं. नोकरी सरकारी, जिथे धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे तयार होतात तिथली. त्या ट्रेसर होत्या. ट्रेसर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसेल तर सांगते. नकाशा दुसरा कोणीतरी पेन्सिलीने आखायचा. त्यावर पारदर्शक कागद अंथरून ट्रेसरने एकूण एक रेष शाईने उतरवून घ्यायची. मग त्यावरून प्रती निघायच्या. रेष कुठे जाड, कुठे बारीक, सगळं ठरलेलं. हाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून तळहाताखाली रुमाल. चुकलं तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची. काकूंकडे ते अर्धं ब्लेड अजून एका डबीत होतं, आणि रुमालाशिवाय त्यांनी कुरिअरवाल्याच्या कागदावर सहीसुद्धा केलेली मी पाहिली नाही.

पुढे नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले आणि काकूंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथून त्या निवृत्त झाल्या.

"नकाशाच्या कोपऱ्यात चार चौकटी राहतात," त्यांनी मला एकदा सांगितलं. "आखलं कोणी, ट्रेस केलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी. नोकरीभर माझी सही दुसऱ्या चौकटीत. पहिलीत एकदाही नाही." तक्रार करत नव्हत्या. आपला रक्तगट सांगावा तसं सांगत होत्या. "तर म्हटलं, एक तरी चित्र आपलं काढावं."

पण तेच अडलं होतं. बाकी सगळे विषय सुटले होते. रंगांचा सिद्धांत, अक्षरलेखन, अगदी कलेचा इतिहाससुद्धा. प्रत्यक्ष पाहून रेखाटन करायच्या परीक्षेत मात्र त्या दोनदा नापास झाल्या होत्या. नोंदणीची मुदत संपत आली होती. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून, आणि तेवढा धीर आपल्याला नाही, असं त्या म्हणत.

का नापास होत होत्या, ते मला तिसऱ्या शनिवारी कळलं.

गृहपाठ होता 'माझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य'. काकूंनी दिलेला कागद मी स्कॅनरवर ठेवला आणि बघतच राहिले. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या, त्यांचे पाइप, केबलच्या वायरी, मागे सिंहगडाच्या डोंगराची ओळ. केसाइतकीही चूक नाही. मी चुका शोधणारी मुलगी; मला एक सापडेना. पोर्टलवर सरांचा मागच्या वेळचा शेरा होता, 'अचूक आहे. पण रेषा मोकळी नाही. पुन्हा काढा.'

"किती वेळा पुन्हा काढू?" काकू म्हणाल्या. "चार वेळा काढलं. चारही एकमेकांवर ठेवले तर बसतात."

मी खिडकीकडे पाहिलं. काचेच्या चारही कोपऱ्यांवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या.

काकूंनी खिडकीच्या काचेला ट्रेसिंग पेपर लावून सिंहगड ट्रेस केला होता.

मग एकेक बाहेर आलं. फुलदाणी काढताना त्या शोकेसची सरकती काच काढून मध्ये उभी धरायच्या आणि एक डोळा मिटून तिच्यावर रेघा मारायच्या. पहिल्या परीक्षेत कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या बाईंनी ती काच बाजूला ठेवायला सांगितली, आणि पुढचे दोन तास काकूंनी दोन रेघा मारल्या. दुसऱ्या परीक्षेत काच नव्हती, तर सेट-स्क्वेअर घेऊन खुर्चीचे तीन पाय काढले. चौथ्याला वेळ पुरला नाही.

"तिने सिंहगड उतरवून घेतलाय," काका म्हणाले. "काम झालं की परत करेल."

यात आपण काही चुकीचं करतोय हे काकूंच्या गावीही नव्हतं. चित्र म्हणजे खाली काहीतरी असतं आणि ते आपण वर उतरवून घेतो. त्यांना दुसरी रीतच माहीत नव्हती. आता हे त्यांना कोणी सांगायचं? सर पडद्यावर तीस जणांना एकदम शिकवायचे. काका पेपरमागे गेले. मी ईमेल लिहावी असा विचार केला. पण ती ईमेल वाचून दाखवायला मलाच वर यावं लागलं असतं.

म्हणून सांगितलं. स्कॅनरकडे बघत सांगितलं. "काकू, सर म्हणतात ते, काच न लावता. नुसतं बघून. कोऱ्या कागदावर."

काकूंनी समोरचा कोरा कागद दोन्ही हातांनी सपाट केला. बराच वेळ तो सपाटच करत होत्या.

"खाली काहीच नसताना?" त्यांनी विचारलं. "मग सुरुवात कुठून करायची?"

मला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. त्यांनी एक व्यायाम दिला: एका मिनिटात एक माणूस काढा. मिनिट संपलं की पेन्सिल खाली.

म्हणून संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघी धायरी फाट्याजवळच्या बसथांब्यावर. काकूंच्या मांडीवर वही, माझ्या हातात मोबाइलचं घड्याळ. पहिला माणूस पिशवी घेऊन उभा होता. मी म्हटलं, "सुरू." मिनिट झालं, मी म्हटलं, "थांबा." माणूस बसमध्ये चढून गेलाही. कागदावर चारही बाजूंनी सुंदर समास आखलेला होता. बाकी काही नव्हतं.

"काकू, माणूस?"

"आधी समास नको का?"

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घरीच ठेवायला लावली. तिसऱ्या दिवशी एक पाय आला. चौथ्या दिवशी काकूंना शोध लागला की पुण्यात दुचाकीवरच्या मुलींचे चेहरे काढावेच लागत नाहीत. स्कार्फ, गॉगल, झालं. "या पोरींनी माझी सोय केली, बापा," म्हणत त्यांनी एका संध्याकाळी चौदा मुली काढल्या. सगळ्या एकीसारख्या एक.

मग आम्ही भाजीवालीकडे गेलो. ती धायरी गाव होतं तेव्हापासूनची. काकू तिच्यासमोर स्टूल टाकून बसल्या आणि नेहमीप्रमाणे हात वर करून त्यांनी तिला हलू नको म्हणून सांगितलं.

"म्या हलले न्हाई तर कोथिंबीर कोन इकंल?" ती म्हणाली. "तुमी काढा की हलतीच. म्या काय फोटू हाय?"

पुढची पंधरा मिनिटं ती पाणी शिंपडत होती, जुड्या बांधत होती, एका गिऱ्हाइकाला झापत होती, आणि काकूंची पेन्सिल तिच्यामागे पळत होती. कागदावर जे झालं त्याला सहा हात होते. भाजीवालीने वाकून पाहिलं. "बराबर हाय," ती म्हणाली. "यवढेच लागत्यात."

मी तिथे उभ्या उभ्या इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. मी रस्त्यावर हसत नाही. म्हणजे तोवर हसत नव्हते.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, डाव्या हाताने काढून बघा. काकूंनी डाव्या हाताने चहाची किटली काढली. ती वाकडी होती, तिचं नाक एकीकडे आणि झाकण भलतीकडे, पण तिच्यात चहा आहे असं वाटत होतं. सरांनी पहिल्यांदा 'छान' लिहिलं.

काकांनी ते वाचलं. "म्हणजे सरकारने इतकी वर्षं चुकीचा हात वापरला," ते म्हणाले.

परीक्षेचं पत्रक आलं. विषय: 'घरातील बसलेली व्यक्ती', दोन तास. कॅमेऱ्यात विद्यार्थ्याचा हात, कागद आणि समोरची व्यक्ती, तिन्ही एकत्र दिसले पाहिजेत. आणि घरातील व्यक्ती, म्हणजे दुसरं कोण?

"मी काय करायचं आहे?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही. बसायचं."

"ते मी निवृत्त झाल्यापासून करतो आहे. आता परीक्षाही द्यायची?"

पण बसले. रोज दुपारी चार ते पाच, वेताच्या खुर्चीत, तोंडासमोर पेपर धरून. पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या चित्रांत काकांच्या मानेवर पेपर आहे. सरांनी विचारलं, 'चेहरा कधी येणार?' तेव्हा पेपर खाली आला. पेपरामागून मिशा बाहेर आल्या आणि काकू खूश झाल्या.

"यांच्या मिश्या आहेत म्हणून निभते," त्या मला म्हणाल्या. "त्या काढल्या की तोंड काढावं लागत नाही. तोंड मला येत नाही."

दोन महिने असे गेले. चित्रं चांगली व्हायला लागली. मग फारच चांगली व्हायला लागली. एका शनिवारी मी आठवड्याची सात चित्रं स्कॅन करत होते आणि माझा हात थांबला. मी सातही एकावर एक ठेवून उजेडात धरली. कपाळ कपाळावर, मिशी मिशीवर, खुर्चीचा पाय पायावर. ट्रेसिंग पेपर कुठेच नव्हता. काकूंनी काका पाठ केले होते. आता खालचा नकाशा कागदाखाली नव्हता, डोक्यात होता, एवढाच फरक.

त्या रविवारी सरांनीही लिहिलं, 'हे मागच्यासारखंच आहे. आज ते कसे बसले होते?' काकूंनी तो शेरा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "कसे म्हणजे? रोजच्यासारखे."

मी त्यांना सांगायला हवं होतं. चुका शोधणं हे माझं काम आहे आणि ही मला सापडली होती. पण परीक्षा आठ दिवसांवर होती, काकू खुशीत होत्या, शिऱ्याची बशी माझ्या हातात होती. बशी पुसून ठेवली आणि खाली आले.

परीक्षा रविवारी सकाळी दहाला. मी साडेनऊला वर गेले. मोबाइल कुठे लावायचा ते आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. हॉलमध्ये छतालगत काकूंची कपडे वाळत घालायची दांडी होती, दोरीने वर-खाली होणारी. तिला मोबाइल चिमट्यांनी बांधायचा, दोरी ओढून हवा तेवढा वर न्यायचा, आणि ती दोरी दोन तास मी धरून उभं राहायचं.

मी बेल वाजवली. दार एका अनोळखी माणसाने उघडलं. अंगाने बारीक, वरचा ओठ गोरापान, लग्नाला घालतात तसा कोट.

"काका आहेत का?" मी विचारलं.

"होते," तो माणूस म्हणाला.

आवाजावरून मी ओळखलं. मिशी नव्हती. नाकाखाली नुसती रिकामी जागा, आणि ती इतकी पांढरी की बाकीचा चेहरा तिच्याभोवती नंतर बसवल्यासारखा दिसत होता.

तेवढ्यात काकू पेन्सिली घेऊन आतून आल्या. त्यांनी पाहिलं. पेन्सिली हळूच टेबलावर ठेवल्या.

"अहो. हे काय करून ठेवलं?"

"कॅमेऱ्यासमोर जायचं. जरा बरं दिसावं म्हटलं."

"बेचाळीस वर्षांत नाही सुचलं. आज सुचलं?"

"बेचाळीस वर्षांत माझी परीक्षा नव्हती."

काकू स्टुलावर बसल्या. मग एकदम उठल्या. "केस कुठे आहेत? डिंक आहे माझ्याकडे. ब्रशसुद्धा आहे, त्याचे कापू."

"बेसिनमध्ये गेले," काका म्हणाले आणि वेताच्या खुर्चीत जाऊन बसले.

"मला नाही येत हे तोंड," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. "पोरी, हे मी काढलंच नाही कधी."

दहा वाजले होते. मी दोरी ओढली.

पडद्यावर परीक्षक बाई आल्या. बारा विद्यार्थी बारा चौकोनांत, त्यातल्या चौथ्या घरात आम्ही, वरून दिसणारे. "चौथ्या घरात ते पांढरं काय लोंबतंय?" बाईंनी विचारलं.

"बनियन आहे, मॅडम," मी म्हटलं. "काढते."

"कॅमेरा थोडा खाली घ्याल? आणि हा कुईकुई आवाज कसला?"

"पुली."

बाईंनी घड्याळ लावलं.

पहिला अर्धा तास काकूंनी काही काढलं नाही. कागद कोरा. पेन्सिल दोन-तीनदा कपाळापाशी गेली, पाठ असलेली रेष मारायला, आणि वरून खाली येताना मिशीच्या जागेपाशी अडून परत फिरली. तुम्ही कधी एखाद्याला आपल्याच घराचं दार न सापडताना पाहिलंय? तसं ते दिसत होतं. मला दोरी सोडून पळून जावंसं वाटलं.

मग काकूंनी वर पाहिलं. बघत राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दोन्ही डोळे उघडे.

"अहो," त्या म्हणाल्या.

"परीक्षेत बोलू नये," काका ओठ न हलवता म्हणाले.

"तुमचा खालचा ओठ डावीकडे वाकडा आहे."

"लहानपणी पडलो होतो. विहिरीच्या काठावर."

"मला कधी नाही सांगितलं."

"दिसत नव्हतं ना."

"चौथं घर, कृपया बोलू नका," बाई म्हणाल्या.

काकूंनी मनगटाचा रुमाल सोडला आणि बाजूला ठेवला. उभ्या राहिल्या. आणि कागदाच्या साधारण मधोमध, कपाळ नाही, खुर्ची नाही, समास तर नाहीच, त्यांनी तो वाकडा ओठ काढला. रेष थरथरत होती. एका जागी दोनदा गेली. तिथून नाक, तिथून गाल, मग कोटाची कॉलर. त्या दर दोन रेघांनंतर वर बघत होत्या, आणि दर वेळी काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच असायचं, कारण काका हसू दाबत होते. ओठ एकीकडे पळायचा, काकू म्हणायच्या "हं", आणि पेन्सिल त्याच्यामागे. भाजीवालीच्या वेळेसारखंच.

मग मला हसू फुटलं. आवाज नाही केला, पण दोरी हलली. दांडी हलली. मोबाइल झोके घ्यायला लागला.

"चौथं घर," बाईंचा आवाज आला. "धायरीला भूकंप आहे का?"

"नाही, मॅडम," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

बारा वाजता काकू आत तोंड धुवायला गेल्या. काका अंगठ्याने वरचा ओठ चोळत बसले होते.

"महिनाभर तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "मी समोर बसायचो आणि हात आपला चालायचा. मी उठून गेलो असतो तरी चित्र झालं असतं. तुझ्याही लक्षात आलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

मी दांडीवरचे चिमटे काढायला लागले. काका म्हणाले, "मीही नाही बोललो. बोललं की ती चिडते. म्हटलं, तिने पाठ केलंय तेच बदलून टाकावं."

निकाल सहा आठवड्यांनी पोर्टलवर आला. मी उघडेपर्यंत काकू छताकडे बघत होत्या. 'ब' श्रेणी, उत्तीर्ण. खाली शेरा: 'कपाळ लहान झालं आहे. खुर्ची बसलेली नाही. ओठ मात्र जिवंत.' काकूंनी तो तीनदा वाचून घेतला.

"कपाळ लहान, हे सांगायला सहा आठवडे," काका म्हणाले. "मला विचारलं असतं." मग पेपर उघडून त्यामागे गेले, आणि बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

काकूंनी चित्राच्या कोपऱ्यात सही केली. सहीभोवती चौकट आखली नाही.

त्यानंतर त्या घरी टिकल्या नाहीत. त्यांना हातांनी करायचं काहीतरी हवं होतं, माती, शिल्प. त्याच विद्यापीठाच्या शिल्पकलेच्या अभ्यासक्रमाचं पहिलं सत्र समक्ष करावं लागतं आणि जागा अमरावतीच्या केंद्रावर होती, त्यांच्या बहिणीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. साठी ओलांडलेल्या बाई वसतिगृहात जायला निघालेल्या मुलीसारख्या बॅग भरत होत्या, बॅगेत लाडू नव्हते, पंधरा वह्या होत्या. काका मागे राहिले. झाडांना पाणी कोण घालणार, असं ते म्हणाले. घरात एक तुळस आहे.

पुणे स्टेशनवर मी आणि काका त्यांना सोडायला गेलो. संध्याकाळची गाडी. सामान लावून आम्ही खाली उतरलो आणि त्यांच्या खिडकीसमोर उभे राहिलो. तासाभर सूचना देऊन झाल्या होत्या. आता फक्त हात करायचा उरला होता.

त्यांच्या समोरच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी, नाकात मोठी नथ, मांडीवर पसरलेल्या कापडावर ती पेरू चिरत होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि वही उघडली.

शिट्टी झाली. गाडी हळूहळू निघाली. काकूंचं डोकं खाली, वर, खाली, वर. आमच्याकडे एकदाही नाही. मी कधी करत नाही ते केलं. प्लॅटफॉर्मवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने हाक मारायला तोंड उघडलं.

काकांनी माझा दंड धरला.

"ओरडू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "ती म्हातारी दचकेल."

डबा पुढे जाईपर्यंत आम्ही दोघं मग तसेच उभे होतो, आवाज न करता, हात हलवत.